बोका गादीवर लघवी करतो, तेव्हा आधी काय पाहायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. चार वर्षांचा, नसबंदी झालेला देशी बोका, वजन ६ किलो. खाणं पूर्णपणे कोरडं आणि वाटी दिवसभर भरलेली. गेले पंधरा दिवस तो गादीवर, पायपुसण्यावर आणि बाथरूमच्या जाळीपाशी शू करतो आहे. ट्रेमध्ये जातो, बसतो, थोडंसं करतो, उठतो, पुन्हा जातो. चार महिन्यांपूर्वी घरात एक लहान मांजरी आणली. लिटरचा, म्हणजे मांजराने शू-शी करायच्या मातीचा, ट्रे एकच, बाल्कनीत वॉशिंग मशिनशेजारी. नवीन मांजर आणल्याचा राग तो काढतोय असं घरातल्यांना वाटतं. ओरडून झालं, फिनाइलने पुसून झालं, पाच दिवस अँटिबायोटिक देऊन झालं. आठवडाभर बरं वाटलं आणि पुन्हा सुरू. आता काय करायचं?

बाकी सगळं नंतर. आधी एकच गोष्ट आत्ता तपासा: त्याला लघवी होते आहे का? थेंब-थेंब का होईना, ती बाहेर पडते आहे का? बोक्यांमध्ये हा प्रश्न जिवाचा आहे. मादीचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद असतो, त्यामुळे तिची लघवी क्वचितच तुंबते. बोक्याचा मूत्रमार्ग लांब असतो आणि लिंगाच्या टोकाकडे निमुळता होत जेमतेम मिलिमीटरभर उरतो. चिकट स्राव, सुजलेल्या मूत्राशयातून सुटलेल्या पेशी आणि लघवीतले स्फटिक यांचा बुच तिथे बसतो. कधी खडा अडकतो, कधी नुसत्या सुजेने आणि स्नायू आकसल्याने वाट बंद होते.

तुंबलेला बोका असा दिसतो: ट्रेमध्ये किंवा कुठेही वारंवार बसतो, जोर लावतो, कधी ओरडतो, उठून लिंग चाटत राहतो आणि लिटरमध्ये ओला गोळा सापडत नाही. काही तासांनी तो कोपऱ्यात किंवा पलंगाखाली जाऊन बसतो, खाणं सोडतो, मग उलट्या सुरू होतात. मागच्या पायांच्या पुढे, ओटीपोटावर दोन्ही बाजूंनी बोटं अलगद टेकवून पाहिलं तर मोसंबीएवढा टणक गोळा लागतो. तो दाबून लघवी काढायचा प्रयत्न करू नका, ताणलेलं मूत्राशय फुटू शकतं. वाट पूर्ण बंद झाली की साधारण दिवसभरात रक्तातली युरिया, क्रिएटिनिन ही टाकाऊ द्रव्यं आणि मुख्य म्हणजे पोटॅशियम चढू लागतं. पोटॅशियम चढलं की हृदयाचे ठोके मंदावतात. ४८ ते ७२ तासांत बोका दगावतो, कधी त्याहीआधी. म्हणून जोर लावतोय आणि काहीच येत नाही असं लागोपाठ दोन-तीनदा दिसलं, तर सकाळची वाट पाहू नका. तुमच्या गावात रात्री कोणता दवाखाना उघडा असतो हे आजच फोन करून विचारून ठेवा. फोनवर "मांजर आजारी आहे" असं मोघम न सांगता "बोक्याची लघवी तुंबली आहे" असंच सांगा, म्हणजे समोरच्याला निकड लगेच कळते.

इथे सर्रास होणारी गफलत म्हणजे हे बद्धकोष्ठ समजणं. जोर लावण्याची बैठक साधारण सारखीच दिसते, म्हणून एरंडेल, तूप, कोमट दूध पाजलं जातं आणि मोलाचे बारा तास जातात. दुसरी गफलत जास्त घातक आहे. माणसाला लघवीची जळजळ झाली की आपण नारळपाणी देतो, तेच मांजराला सिरिंजने पाजतो. नारळपाण्यात भरपूर पोटॅशियम असतं आणि तुंबलेल्या बोक्याच्या रक्तात तेच आधी वाढलेलं असतं. मेडिकलमध्ये मिळणारं सायट्रेटचं सिरपही देऊ नका. ते लघवी अल्कधर्मी करतं आणि मांजरांत सापडणारे स्ट्रुव्हाइट नावाचे स्फटिक नेमके अल्कधर्मी लघवीतच वाढतात. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या तर बंद नळाला मागून पाण्याचा जोर देण्यासारख्या आहेत.

दुखतंय म्हणून माणसाची गोळी देण्याचा मोह होतो. पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेते. हे औषध निकामी करण्यासाठी यकृतात जी रासायनिक जोडणी लागते ती मांजराच्या यकृतात फार तोकडी आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी ऑक्सिजन वाहायच्या थांबतात, हिरड्या तपकिरी पडतात, चेहरा आणि पंजे सुजतात. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक मूत्रपिंडावर आघात करतात. वेदनेवर मांजराला चालणारी औषधं आहेत, पण ती मूत्रपिंडाची स्थिती पाहून पशुवैद्यानेच द्यायची असतात.

दवाखान्यात काय व्हायला हवं हे माहीत असलं तर तुम्हाला योग्य प्रश्न विचारता येतील. आधी रक्त तपासून पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पाहतात, शक्य असेल तर ईसीजी काढतात. पोटॅशियम फार चढलेलं असेल तर हृदय सांभाळण्यासाठी कॅल्शियम ग्लुकोनेट, ते खाली आणण्यासाठी इन्सुलिन आणि डेक्स्ट्रोज, आणि सोबत सलाइन. सलाइन दिल्याने तुंबलेलं मूत्राशय आणखी भरेल ही भीती अनाठायी आहे, वाट मोकळी होईपर्यंत सलाइन रोखून धरू नये. मग भूल किंवा गुंगी देऊन कॅथेटर, म्हणजे मूत्रमार्गातून बारीक नळी, घालतात, निर्जंतुक सलाइनच्या दाबाने बुच मागे ढकलून मूत्राशय धुतात आणि कॅथेटर बहुधा एक-दोन दिवस ठेवतात. वाट मोकळी झाल्यावर काही बोके इतकी लघवी करतात की शरीर कोरडं पडतं, म्हणून किती सलाइन गेली आणि किती लघवी झाली याचा हिशेब ठेवावा लागतो. "कॅथेटर घातला, लघवी झाली, घरी न्या" असं त्याच तासात कोणी म्हणालं तर रक्ततपासणी झाली का आणि रात्री देखरेख कुठे होईल, हे विचारा. पुन्हा तुंबण्याचा सर्वाधिक धोका पहिल्या आठवड्यात असतो. वारंवार तुंबणाऱ्या बोक्यात लिंगाचा अरुंद भाग काढून मूत्रमार्गाचं तोंड रुंद करण्याची शस्त्रक्रिया करतात. तुंबणं त्याने बरंच टळतं, पण मूत्राशयाचा मूळ आजार राहतोच.

तुमच्या बोक्याला "थोडंसं होतं" असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे आज वाट बंद नाही, पण हाच बोका उद्या तुंबू शकतो. म्हणून पुढचे पंधरा दिवस रोज मोजणी ठेवा. बेंटोनाइट मातीचं, ओलं झालं की गोळे होणारं लिटर असेल तर मोजणं सोपं आहे. धडधाकट मांजर दिवसात साधारण दोन ते चार वेळा लघवी करतं आणि प्रत्येक वेळी एक चांगला मोठा गोळा होतो. सुपारीएवढे आठ-दहा गोळे म्हणजे मूत्राशय दुखतंय. एकही गोळा नाही म्हणजे गाडी काढा. लिटर दोन्ही मांजरं वापरत असल्याने कोणाचं किती हे कळणार नाही, त्यासाठी बोक्याला काही दिवस स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र ट्रे द्या.

आता हे होतं कशामुळे? दहा वर्षांखालच्या मांजरांमध्ये अशा तक्रारींचं सर्वात मोठं कारण जंतुसंसर्ग नसतो. निम्म्याहून अधिक मांजरांमध्ये ठरावीक कारण न सापडणारी मूत्राशयाची सूज असते. तिला इडिओपॅथिक सिस्टायटिस म्हणतात. मूत्राशयाच्या आतल्या पडद्यावरचा संरक्षक थर पातळ होतो, दाट लघवी आतल्या मज्जातंतूंना चुरचुरते, आणि या सगळ्याला ताण खतपाणी घालतो. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन यांनी वर्षानुवर्षं याचा अभ्यास केला. या मांजरांचा ताणाला मिळणारा प्रतिसादच वेगळा असतो, आणि पिंजऱ्यातलं आयुष्य समृद्ध केलं, दिनक्रम स्थिर ठेवला की लक्षणं कमी होतात, हे त्यांच्या कामातून दिसलं. तक्रार मूत्राशयापुरती नसते, उलट्या आणि जास्त चाटणंही सोबत येतं, म्हणून २०११ मध्ये त्यांनी याला पँडोरा सिंड्रोम हे नाव सुचवलं.

याची एक खोड लक्षात ठेवण्यासारखी आहे. एक झटका बहुतेकदा पाच ते सात दिवसांत आपोआप ओसरतो. त्या आठवड्यात जे काही दिलं, मग ते अँटिबायोटिक असो, होमिओपॅथीच्या गोळ्या असोत किंवा नुसतं साधं पाणी असो, त्याला श्रेय मिळतं. तुमच्या बाबतीत पाच दिवसांच्या कोर्सने "बरं वाटलं" ते बहुधा असंच. तरुण मांजरात खरा जंतुसंसर्ग शंभरात जेमतेम एक ते पाच जणांना असतो. कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, न करता दर झटक्याला अँटिबायोटिक देण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. त्याने आजार थांबत नाही, जंतू मात्र औषधाला सरावतात, आणि खरी दुरुस्ती लांबत जाते. दहा वर्षांपुढच्या, मधुमेही किंवा मूत्रपिंडाच्या आजारी मांजरात चित्र वेगळं असतं, तिथे संसर्ग बराच आढळतो.

म्हणून तपासणी नीट करून घ्या. लघवीची घनता, रक्त आहे का, सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसतं, आणि मूत्राशयाची सोनोग्राफी. खड्याची शंका असेल तर एक्स-रेसुद्धा, आणि त्यात मूत्रमार्ग शेवटपर्यंत यायला हवा. घरून नमुना न्यायचा तर लिटर काढून धुतलेल्या कोरड्या ट्रेमध्ये मूठभर स्वच्छ धुतलेले गुळगुळीत खडे टाका, लघवी होताच सिरिंजने उचला आणि अर्ध्या-एक तासात पोहोचवा. फ्रिजमध्ये तासन्‌तास ठेवलेल्या नमुन्यात थंडीने नवे स्फटिक तयार होतात आणि रिपोर्ट उगाच घाबरवतो. कल्चरसाठी मात्र ट्रेमधली लघवी चालत नाही. पोटातून बारीक सुईने थेट मूत्राशयातून घेतलेलाच नमुना लागतो. ऐकायला भयंकर वाटतं, पण सरावलेल्या हाताने हे काही सेकंदांत होतं.

रिपोर्टमध्ये "क्रिस्टल्स" लिहिलेलं पाहून लोक घाबरतात. थोडे स्ट्रुव्हाइट स्फटिक दाट लघवीत निरोगी मांजरातही दिसतात, ते म्हणजे खडा नव्हे. खडा असेल तर तो कोणता यावर सगळं ठरतं. स्ट्रुव्हाइटचा खडा खास आहाराने विरघळतो, बहुतेकदा काही आठवड्यांत. कॅल्शियम ऑक्झलेटचा विरघळत नाही, काढावाच लागतो. १९८० च्या दशकात मांजरांच्या खाद्यात मॅग्नेशियम कमी करून लघवी आम्लधर्मी करायला सुरुवात झाली, तेव्हा स्ट्रुव्हाइट घटले आणि ऑक्झलेट वाढले. मिनेसोटा विद्यापीठाच्या खडे तपासणाऱ्या केंद्राच्या नोंदींत हा बदल स्पष्ट दिसतो. म्हणून "युरिनरी" लिहिलेलं पाकीट स्वतःच्या मनाने आणून वर्षानुवर्षं चालू ठेवू नका. ते द्यायचं ठरलं तर पूर्ण तेच द्या. सोबत साधं खाद्य आणि दूध-पोळी मिसळली तर त्याचा उपयोग राहत नाही.

खडा असो वा नसो, लघवी पातळ करणं हा सगळ्यांना लागू पडणारा उपाय आहे. मांजर वाळवंटी रानमांजराच्या वंशातलं, शिकारीच्या मांसातून पाणी मिळवणारं. तहान कमी आणि लघवी दाट, ही त्याची घडणच. त्याला दिवसाला किलोमागे साधारण ५० मिली पाणी लागतं, खाण्यातलं धरून. म्हणजे तुमच्या बोक्याला जवळपास ३०० मिली. कोरड्या खाद्यात पाणी जेमतेम ८ ते १० टक्के असतं, म्हणजे ७० ग्रॅम खाल्लं तर ७ मिली. उरलेलं सगळं त्याने वाटीतून प्यायला हवं, आणि बहुतेक मांजरं तेवढं पीत नाहीत. ओल्या खाद्यात ७५ ते ८० टक्के पाणी असतं, तीन पाउच खाल्ले तरी दोनशेच्या आसपास मिली आपसूक पोटात जातं. लघवीची घनता (पाण्याची १ धरून) १.०३५ च्या खाली आणणं हे ध्येय ठेवा. दर काही आठवड्यांनी ती मोजून घ्या, मग अंदाजावर राहावं लागत नाही.

ओलं खाद्य लहानपणापासून न खाल्लेले बोके ते नाकारतात. सात ते दहा दिवसांत हळूहळू बदल करा. पहिल्यांदा नेहमीच्या दाण्यांवर चमचाभर कोमट पाणी, मग दोन, मग बाजूला थोडं ओलं. "भूक लागली की खाईल" हा हिशेब मांजराला लागू नाही. जाड मांजराने एक-दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर शरीरातली चरबी यकृतात साचून दुसरंच गंभीर आजारपण ओढवतं. चोवीस तास उपाशी राहिला तर पुन्हा जुनं खाद्य पुढे ठेवा. भिजवलेलं खाणं एप्रिल-मेच्या उकाड्यात तासाभरात काढून टाका. चिकन उकळलेलं पाणी द्यायचं तर त्यात मीठ, कांदा, लसूण काहीही नको. कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात. पाण्याची वाटी रुंद आणि काठोकाठ भरलेली ठेवा, म्हणजे मिशा काठाला घासत नाहीत. ती खाण्याच्या वाटीपासून आणि ट्रेपासून लांब, घरात दोन-तीन जागी हवी. काही मांजरं वाहतं पाणी आवडीने पितात, कारंजं घेतलंत तर त्याची जाळी आठवड्याला धुवा.

वजनही बघा. बहुतेक देशी बोक्यांचं योग्य वजन साडेतीन ते पाच किलोच्या आत असतं. तुमचा सहाचा आहे. बरगड्या बोटांना सहज लागत नसतील तर भरलेली वाटी बंद करून दिवसाचं खाणं मोजून चार-पाच भागांत द्या. जाडी आणि घरबंद आयुष्य या दोन्ही गोष्टी या आजारात वारंवार सोबत दिसतात.

आता ट्रे. घरोघरी इथेच सर्वांत जास्त चुकतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मांजर नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत साधारण ४५ ते ५० सेंमी असतं, आणि ट्रे त्याच्या दीडपट लांब हवा, म्हणजे सुमारे ७० सेंमी. दुकानातले बरेचसे ट्रे ४० ते ४५ सेंमीचे असतात. त्यात बोका वळू शकत नाही, मागचा भाग काठाबाहेर जातो. कपडे-गाद्या ठेवायचा मोठा प्लास्टिकचा डबा आणा, एका बाजूला जमिनीपासून १२ ते १५ सेंमी उंचीवर प्रवेशासाठी कापा आणि कापलेल्या कडेला टेप लावा. झाकण नको. झाकणाने वास आपल्याला येत नाही, पण आत कोंडतो, आणि आत असताना दुसऱ्या मांजराने अडवलं तर पळायला वाट राहत नाही. लिटर बारीक कणांचं, गोळे होणारं, बिनवासाचं, ३ ते ५ सेंमी थर. लव्हेंडर, लिंबू, बेबी पावडरचा वास आपल्या नाकासाठी असतो. लाकडी गोळ्यांचं किंवा स्फटिकांचं लिटर काहींना पायाला टोचतं. बाथरूमची जाळी आणि गादी हे तुमच्या बोक्याने निवडलेले पृष्ठभाग आहेत: एक गुळगुळीत आणि गार, दुसरा मऊ. लिटरच्या स्पर्शाबद्दल किंवा दुखण्याच्या आठवणीबद्दल तो काहीतरी सांगतोय. ट्रेमध्ये दुखलं की मांजराच्या डोक्यात दुखण्याचा दोष ट्रेवर जातो आणि ते दुसरी जागा शोधतं. आजार ओसरल्यावरही सवय उरते, ती याच कारणाने.

किती ट्रे? मांजरं असतील तितके आणि वर एक. तुमच्याकडे तीन हवेत, आणि तिन्ही एकाच ओळीत नकोत, कारण मांजराच्या हिशेबी ती एकच जागा होते. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये तीन ट्रे ठेवणं कठीण आहे याची मला जाणीव आहे. निदान दोन तरी वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा आणि त्यातला एक बोका जिथे जास्त वेळ असतो तिथे. बाल्कनीतला वॉशिंग मशिनशेजारचा ट्रे आजच हलवा. मशिन स्पिनला लागलं आणि मांजर तेव्हा आत असलं तर ते पुन्हा जायला बिचकतं. बाल्कनीत मे महिन्यात फरशी तापते, पावसात लिटर दमट होऊन चिकटतं आणि वास मारतं, दार चुकून बंद राहतं. जून ते सप्टेंबरमध्ये "मांजर अचानक बाहेर करायला लागलं" अशा तक्रारींत ट्रे बाल्कनीत आहे का हे आधी विचारावं. गोळे दिवसातून दोनदा काढा. गोळ्यांचं लिटर दोन ते चार आठवड्यांत पूर्ण बदला, ट्रे साध्या भांड्याच्या साबणाने धुवून उन्हात वाळवा.

कोणतं लिटर आवडतं हे त्यालाच विचारता येतं. दोन सारखे ट्रे शेजारी ठेवा, एकात जुनं, दुसऱ्यात नवं. आठवडाभर गोळे मोजा. जिथे जास्त, ते त्याचं उत्तर.

नवीन मांजरीकडे वळू. "राग काढतोय" ही समजूत मनातून काढून टाका. गादीवर शू केल्याने घरच्यांना काय वाटेल असा हिशेब मांजर करत नाही. ताण मात्र खरा असतो, आणि मांजरांमधलं भांडण बऱ्याचदा आवाज न करता चालतं. मांजरी पॅसेजमध्ये निवांत पसरलेली दिसते आणि ट्रेकडे जायची वाट तिने अडवलेली असते. बोका तिला पाहून वळतो, इतकंच घडतं. दोघांच्या खाण्याच्या वाट्या एकमेकांच्या नजरेआड ठेवा. उंचावर बसायला किमान दोन वेगळ्या जागा द्या, कपाटाच्या माथ्यावर चादर टाकली तरी चालते. घराला मांजराच्या दृष्टीने दोन टोकं हवीत, प्रत्येक टोकाला पाणी, खाणं, ट्रे आणि लपायची जागा. जमत नसेल तर पुन्हा पहिल्यापासून ओळख करून द्या. मांजरीला आठवडा-दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा, एकीचं अंथरूण दुसऱ्याला हुंगायला द्या, बंद दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी आवडीचं खाऊ घाला, मग दार बोटभर उघडून, मग जाळीतून. गुरगुर झाली की एक पायरी मागे.

घरातले इतर ताणही धरा: रंगकाम, नवीन सोफा, घरात बाळ, दिवाळीचे फटाके, गणपतीत दहा दिवस पाहुण्यांची ये-जा आणि ढोल-ताशा. खिडकीच्या ग्रिलशी येऊन बसणारं बाहेरचं मांजर हेही मोठं कारण आहे, तिथे काचेच्या खालच्या अर्ध्या भागाला धुरकट फिल्म लावा. सणाच्या दिवसांत बोक्याला आतल्या खोलीत ट्रे, पाणी आणि झाकलेला खोका देऊन ठेवा, आणि लहान मुलांना दार उघडू देऊ नका. रोज ठरलेल्या दोन वेळी दहा-पंधरा मिनिटं दोरीच्या खेळण्याशी खेळा, शेवटी पकड मिळू द्या आणि लगेच खाऊ द्या. साधी गोष्ट आहे, पण घरबंद मांजराच्या दिवसाला यानेच आकार येतो.

फवारणी हा वेगळा प्रकार, तो यात मिसळू नका. उभ्याने, शेपटी ताठ करून थरथरवत, भिंतीवर किंवा पडद्यावर थोडीशी उडवली तर ती हद्द आखणं. बसून आडव्या जागेवर केली तर ती लघवी. नसबंदीने सुमारे ९० टक्के बोक्यांची फवारणी थांबते किंवा खूप घटते, तरी दहातला एखादा नंतरही करतो. तुमचं वर्णन फवारणीचं नाही.

सफाईबद्दल. फिनाइल आणि डेटॉलसारखी जंतुनाशकं मांजराच्या घरात नकोत. त्यातले फिनॉलवर्गी घटक मांजराला नीट पचवता येत नाहीत. ते पायाला लागतात आणि चाटून पोटात जातात. अमोनियाच्या वासाच्या क्लीनरने तर लघवीचा वास आणखी गडद होतो आणि बोका तिथेच परत येतो. ओलं आधी जुन्या कापडाने टिपून घ्या, पुसून पसरवू नका. मग पाळीव प्राण्यांसाठीचा एन्झाइम क्लीनर, नाही मिळाला तर एन्झाइम असलेल्या कपड्यांच्या लिक्विडचं पाण्यात केलेलं पातळ मिश्रण ओता, लघवी जितकी खोल गेली असेल तितकं खोल. दहा-पंधरा मिनिटांनी टिपा आणि वाळू द्या. गादीत आतपर्यंत गेलं असेल तर वरवर पुसून उपयोग नाही. जुने डाग दिसत नसतील तर रात्री दिवे मालवून अतिनील टॉर्चने शोधा, वाळलेली लघवी फिकट चमकते. तोवर गादीवर वॉटरप्रूफ कव्हर घाला आणि बेडरूमचं दार बंद ठेवा.

ओरडणं, नाक घासणं, पाण्याचा फवारा मारणं आजपासून बंद करा. त्याने मांजर लघवी करायचं थांबत नाही, तुमच्यासमोर करायचं थांबतं. मग ते पलंगाखाली करतं, ताण वाढतो, आणि मूत्राशयाला जे बरं करायचं होतं तेच बिघडतं.

औषधांची जागा या सगळ्यानंतर येते. झटक्याच्या दिवसांत वेदनाशामक हवंच, ते पशुवैद्याकडे मागा. फेरोमोनचा डिफ्यूजर (मांजराला निवांत करणारा गंध हवेत सोडणारं उपकरण) काही घरांत उपयोगी पडतो, काहींत नाही. पण वरची कामं न करता नुसता तो लावून काही होत नाही. वरचेवर झटके येत असतील तर फ्लुओक्सेटिन, क्लोमिप्रामिन, अमिट्रिप्टिलिन अशी ताण कमी करणारी औषधं पशुवैद्य देतात. पहिल्या दोन औषधांचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि ती एकदम बंद करायची नसतात. दवाखान्यात नेण्याच्या आधी बोका फार बिथरत असेल तर गॅबापेंटिन या शांत करणाऱ्या औषधाबद्दल विचारा, पण तुंबलेल्या बोक्याला काहीही पाजत बसू नका.

क्रम असा ठेवा. आज ट्रे हलवा, दुसरा ट्रे मांडा, मोजणीची वही सुरू करा. या दोन-तीन दिवसांत लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी. खाणं बदलायला त्याच आठवड्यात सुरुवात, पण लिटरचा प्रकार त्याच दिवशी बदलू नका, दोन बदल एकत्र झाले की कशाने फरक पडला ते कळत नाही. सहा आठवड्यांनी लघवीची घनता पुन्हा मोजा. वहीत दर झटक्याच्या आधीच्या दोन दिवसांत घरात काय झालं होतं तेही लिहा. पाहुणे, पाऊस, संपलेलं लिटर, बदललेली कामवाली, काहीही. तीन-चार झटक्यांच्या नोंदी झाल्या की पुढच्या वेळी पशुवैद्याला दाखवायला रिपोर्टइतकीच ही वही उपयोगी पडते.